बाईसाहेबांचं निव्वळ वजन

मांजरीला डॉक्टरकडे न नेता घरच्या घरीच तपासायचं, हा निर्णय माझा. (आमच्या घरात लहान निर्णय मी घेतो. ते मोठे झाले की बायको निस्तरते.)

मांजर मुळात आमची नव्हतीच. तीन महिन्यांपूर्वी ती जिना चढून वर आली, कोचावर बसली आणि 'तुम्ही इथे काय करताय?' अशा नजरेनं आमच्याकडे बघू लागली. बायकोनं तिचं नाव बाईसाहेब ठेवलं. मुलगी लग्न होऊन गेल्यापासून बायकोला घर खायला उठायचं. मांजर आली त्या दिवसापासून ती स्वयंपाकघरात पुन्हा बोलायला लागली, बाईसाहेबांशी. मलाही बरं वाटलं. (माझ्या वाट्याचं बोलणं निम्म्यावर आलं.)

खालच्या मजल्यावर घरमालकीण काकू राहतात. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "एक मांजर ठेवा, माझं काही म्हणणं नाही. पण पिल्लं झाली, तर त्याच दिवशी पिल्लांसकट मांजर बाहेर!"

आणि एका सकाळी बायको दुधाची बशी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "अहो, मला वाटतं बाईसाहेबांना दिवस गेलेत."

"कशावरून?"

"दिवसभर नुसती लोळते. बशी पुढे केली की वास घेते न् तोंड फिरवते. हात लावला की वसकन अंगावर येते. आणि सारखी कपाटात शिरून बसते."

"अगं, सुट्टीच्या दिवशी मीसुद्धा..."

"तुम्ही कुठे कपाटात शिरता?"

(मावत नाही म्हणून. पण हे मी बोललो नाही.)

"काकूंना कळलं तर घालवून देतील हो तिला," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. आता नवऱ्यानं काहीतरी करायलाच हवं होतं. डॉक्टरकडे नेणं सगळ्यात सोपं. पण आमच्या भागात जनावरांचा डॉक्टर एकच, आणि तो काकूंचा सख्खा जावई. त्याच्या कानावर गोष्ट घालणं म्हणजे काकूंच्या दारावर पाटी लावण्यासारखं.

"काळजी करू नकोस," मी म्हणालो. "पोटात पिल्लं असली की वजन वाढणारच. आणि वजन करणं माझ्याइतकं कोणाला येतं?"

ही बढाई नव्हे. बावीस वर्षं मी पार्सल ऑफिसात काट्यावर आहे. आमची पद्धत साधी. भरलेलं खोकं काट्यावर ठेवायचं, खोक्यावर रंगवलेलं 'रिकामं वजन' त्यातून वजा करायचं, उरेल ते मालाचं वजन. दरवेळी खोकं रिकामं करून कोणी मोजत बसत नाही. एकदा लिहिलं की लिहिलं.

आमच्या न्हाणीघरात माणसांचा वजनकाटा आहे, पण बाईसाहेब त्यावर एकट्या उभ्या राहीनात. मग खोकं मीच झालो. आधी मी एकटा चढलो. अडुसष्ट किलो. न्हाणीघराच्या दाराला आतून पेन्सिलीनं लिहून टाकलं, 'रिकामं वजन ६८'. मग बाईसाहेबांना घेऊन चढलो. बहात्तर. म्हणजे मांजर चार किलो, आणि माझ्या मनगटावर तीन ओरखडे. यापुढे दर रविवारी वजन करायचं ठरलं.

त्याच दिवसापासून बायकोनं खुराक सुरू केला. सायीचं दूध, उकडलेली अंडी, लोण्यात परतलेले मासे. बाईसाहेब येत, वास घेत आणि उंदराच्या शोधात निघून जात. एवढं चांगलं अन्न टाकून द्यायचं? माझ्या जिवावर येई. बायकोला वाईट वाटू नये म्हणून बशी मीच गुपचूप रिकामी करायचो. (रोज तीनदा. प्राणिमात्रांसाठी माणसानं एवढं केलंच पाहिजे.)

"आज सगळं खाल्लं हो हिनं!" बायको आनंदानं म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी बशी आणखी भरायची.

दुसऱ्या रविवारी वजा जाता पावणेपाच किलो आले. तिसऱ्या रविवारी साडेपाच. माझं धाबं दणाणलं. ऑफिसात हेडक्लार्कांना विचारलं. त्यांच्या घरी पाच मांजरं. ते म्हणाले, "तीन आठवडे झाले की स्तनाग्रं गुलाबी होतात. बघ जरा." घरी येऊन टॉर्च घेऊन बघितलं. गुलाबी होती खरी. पण आधी कुठल्या रंगाची होती, हे कोणाला ठाऊक? परक्या बाईकडे मी कधी असं निरखून पाहिलं नव्हतं. बाईसाहेबांनाही ते आवडलं नाही. दोन दिवस नाकावर पट्टी लावून ऑफिसला गेलो.

"पण दिसते तर पूर्वी होती तेवढीच," बायको म्हणाली.

"अगं, केसांमुळे कळत नाही. काटा खोटं बोलत नाही." हे ठासून सांगताना माझ्या पँटचं बटण तुटून कोचाखाली गेलं. (हल्ली दोरा चांगला येत नाही.)

पाचव्या रविवारी काटा पंचाहत्तरवर गेला. वजा अडुसष्ट. सात किलो! बायको रडायलाच लागली. "अहो, किती पिल्लं असतील? आणि तिला काही झालं म्हणजे?"

आता काकूंची भीती बाजूला राहिली. बाईसाहेबांना झाकणाच्या टोपलीत घातलं आणि आम्ही निघालो. जिन्यात काकू उभ्याच.

"काय नेताय एवढं?"

"कपडे," मी म्हणालो. "इस्त्रीला."

कपडे मोठ्यांदा "म्यांव" म्हणाले. पितळ उघडं पडलं. काकूंनी चपला पायात सरकवल्या. "जावयाकडेच ना? चला, मीही येते. काय तो सोक्षमोक्ष लागू दे."

दवाखान्यात बायको टोपली पोटाशी धरून बसली होती. डॉक्टरांनी बाईसाहेबांना उलटंपालटं केलं, पोटावरचे केस फुंकले आणि हसले. "अहो, हिचं ऑपरेशन कधीच झालंय. हा बघा व्रण. हिला पिल्लं होणारच नाहीत."

बायकोनं मांजरीला असं काही कवटाळलं की मांजर चक्क गप्प राहिली. काकूसुद्धा डोळे पुसत म्हणाल्या, "राहू दे गं मग तुझ्याकडे. कायमची."

इथेच उठायला हवं होतं. पण बावीस वर्षांची नोकरी!

"मग सात किलोचं काय?" मी विचारलं.

डॉक्टरांनी तिला काट्यावर ठेवलं. चार किलो.

"तुमचा काटा बिघडलाय," मी म्हणालो. आणि आमची पद्धत त्यांना सविस्तर समजावून सांगितली.

ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "या, जरा इथे उभे राहा." तो मोठ्या कुत्र्यांचा काटा होता. मी उभा राहिलो. एकाहत्तर.

बायकोनं आधी काट्याकडे पाहिलं, मग माझ्या पँटला लावलेल्या सेफ्टी पिनेकडे, आणि मग तिला पाच आठवड्यांच्या सगळ्या बश्या आठवल्या असाव्यात.

"खुराक बंद करा," डॉक्टर म्हणाले. "आणि सकाळ-संध्याकाळ फिरवून आणा."

"मांजरीला?" काकूंनी विचारलं.

डॉक्टरांनी माझ्या पोटाकडे बोट दाखवलं.

दर रविवारचं वजन मात्र अजून चालू आहे. मी बाईसाहेबांना घेऊन काट्यावर चढतो. न्हाणीघराच्या दारावरचं ६८ बायकोनं खोडलं आणि खाली स्वतःच्या हातानं 'मांजर ४' असं लिहिलं. तिचं म्हणणं, मांजरीच्या वजनावर विश्वास ठेवता येतो. ते वजा करायचं, उरेल तो नवरा.