म्हात्रे गुरुजी आणि साथीचं इस्पितळ

म्हात्रे गुरुजींना भेटायचं तर आधी दहा मिनिटं बाहेर उभं राहावं लागतं. घराबाहेर नव्हे, खाडीकाठच्या पडक्या इस्पितळाबाहेर. इंग्रजांच्या काळात साथ आली की बोटीतून उतरणाऱ्यांना तिथे अलग ठेवत. आज छप्पर अर्धंच आहे, रोगी एकही नाही. पण गुरुजी दारात हात आडवा घालतात. "शेठ, ताप नाय ना? थांबा. नियम म्हणजे नियम!"

वडखळला माझं जुन्या दारं-खिडक्यांचं दुकान आहे. हमालीपासून उभं केलंय. मला कुणी थांबवलं की डोकं फिरतं. तरी थांबलो, कारण आतल्या सागावर माझा डोळा होता.

आत गुरुजी शाळाच भरवतात. "छताखालचे झरोके बघा. हवा इकडून आत, तिकडून बाहेर. एकही दार दुसऱ्याच्या समोर नाय. का? याचा खोकला त्याच्याकडे जायला नको!" मी मान डोलावत वासे मोजत होतो.

पुढे गावाने ते लाकूड विकायला काढलं. ग्रामसभेत मी धंद्याच्या सवयीने मालाला नावं ठेवली. "वाळवी हाय. नुसता भुसा. चुलीत पण जळायचं नाय." भाव उतरावा म्हणून इतकं जीव तोडून बोललो, की मलाच पटलं. गुरुजी उठले. "ऐकलंत? एवढा जाणकार माणूस सांगतो. मग भुसा विकून गावाची शोभा कशाला? ऱ्हाऊ द्या उभं." टाळ्या पडल्या, विक्री रद्द झाली. अव्वल साग मी माझ्याच तोंडाने घालवला!

आठ दिवस धुमसलो आणि एका सकाळी भांडायलाच गेलो. गुरुजी एका खिडकीच्या चौकटीला तेल लावत होते.

"ही भेटीची खिडकी," ते म्हणाले. "आत रोगी. चार हातांवर त्या कट्ट्यामागे घरची माणसं. शिवायचं नाय, पण बघायचं, बोलायचं."

"एका खिडकीपायी माझा सौदा मोडलात?"

"आमची ही कोविडात गेली, शेठ. मोठं इस्पितळ होतं. पण भेटीची खिडकी नव्हती."

घरून घोकून आणलेली एकही शिवी मला आठवेना.

"जरा कट्ट्यामागे उभे ऱ्हाता? मी आत जातो. तुम्ही कायतरी बोला. एकट्याला तपासता येत नाय."

दिवसभर तोंड चालवणारा मी, आणि सकाळी नऊ वाजता विचारलं, "जेवलात का?"

 खिडकीच्या गजांमागून आवाज आला.

"येतंय हो ऐकू. परत एकदा विचारा."