न आलेल्या तक्रारींचं प्रकरण

चपळरावांच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं असतात. ज्यांना समोरचं दिसतं ती सगळी, आणि ज्यांना समोरच्याच्याही मागचं दिसतं ते एकटे चपळराव. "माझ्या नजरेतून मुंगी सुटत नाही," ते सांगत. "आणि सुटलीच, तर ती कुठल्या वारुळात जाणार हे मला आधीच ठाऊक असतं." त्यांच्या मेव्हण्याला हे ऐकून ऐकून पाठ झालं होतं. तो त्यांचा मदतनीस होता. म्हणजे रंगीत चिठ्ठ्यांची पिशवी वाहायची आणि दाजी खुर्चीतून उठू लागले की हात द्यायचा.

चपळराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते एजाइल कोच होते. माणसांनी मिळून काम कसं करावं, त्याची आखणी कशी करावी आणि गिऱ्हाईक खूश कसं ठेवावं, हे कंपन्यांना शिकवणं हा त्यांचा धंदा. वॉशिंग मशिनं दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीने त्यांना बोलावलं, तेव्हा तिथल्या मालकीणबाईंच्या जिभेवर 'एजाइल' काही बसेना. "म्हणजे चपळ ना?" त्या म्हणाल्या. तेव्हापासून ते चपळराव.

सोमवारी चपळरावांनी टेबलं हलवली, भिंतभर चिठ्ठ्या लावल्या, कामाची आखणी दाखवणारा भलामोठा पडदा बसवला आणि सगळ्यांना रोज सकाळी उभ्याने बोलायला लावलं. मंगळवारी तक्रारी थांबल्या. बुधवारीही एक आली नाही.

"माझ्या पद्धतीचा इतका जलद परिणाम मीही पाहिला नव्हता," चपळराव म्हणाले.

मालकीणबाईंनी चष्मा पुसला. "गिऱ्हाईक गप्प असतं ते खूश झाल्यावर, नाहीतर पळून गेल्यावर. सगळी एकाच दिवशी खूश झाली हे मला पटत नाही. गेली कुठे, ते शोधा. असंच चाललं तर शनिवारपासून फोनबाईंना घरी बसायला सांगावं लागेल."

फोनबाई कोपऱ्यातच होत्या. केस काळे होते तेव्हापासून त्या तक्रारींचा फोन घेत आल्या होत्या. थोड्या वेळाने त्यांनी खण उघडला आणि आपला कप, पाठीची उशी आणि सर्दीची गोळी पिशवीत भरली. मेव्हण्याला ते बघवेना.

"दाजी, बाईंचं काम जाईल."

"जाणार नाही," चपळराव म्हणाले. "प्रकरण माझ्या हातात आहे."

मेव्हण्याची काळजी वाढली.

चपळरावांनी सगळ्यांना गोल उभं केलं आणि आवाज खाली आणला. "मित्रहो, इथे पाणी कुठेतरी मुरतंय."

"कुठलं मॉडेल?" मशिनं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी विचारलं.

इथेच संशयाची सुई मिस्त्रींकडे वळली. चपळरावांनी मेव्हण्याला बाजूला घेतलं. "त्याचे हात बघितलेस? स्वच्छ. हा गिऱ्हाइकं परस्पर पळवतो आणि मग हात धुऊन मोकळा होतो."

मेव्हण्याने जाऊन मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, "काम नाही तर हात मळणार कसे?"

"हजरजबाबी आहे," चपळराव म्हणाले. "म्हणजे उत्तर तयार करून आला होता."

पण तेवढ्यात त्यांचं लक्ष खिडकीबाहेर गेलं, आणि मिस्त्री वाचले. समोरच्या लाँड्रीपुढे रांग लागली होती. चपळरावांनी डोळे बारीक केले. "कालपर्यंत तिथे चिटपाखरू नव्हतं. याचा अर्थ उघड आहे. लाँड्रीवाला लोकांची मशिनं फितवतोय."

"किंवा लोकांची मशिनं बंद पडली असतील," मेव्हणा म्हणाला.

"सोपं उत्तर हा आळशी डोक्याचा दागिना आहे, लक्षात ठेव."

पाळत ठेवायला दोघं लाँड्रीजवळच्या खांबामागे उभे राहिले. खांब बारीक होता. चपळराव नव्हते. रांगेतली माणसं त्यांच्याकडे बघू लागली आणि त्यातली एक बाई भलंमोठं गाठोडं सांभाळत थेट त्यांच्याकडे आली. ती मेव्हण्याची बहीण होती, म्हणजे चपळरावांची बायको.

"अहो, खांबामागे काय करताय?"

"हळू बोल. तू इथे कशी?"

"तुमचे शर्ट घेऊन. मशीन गळतंय, काल रात्री सांगितलं ना? तुम्ही 'हं, सूचक आहे' म्हणालात आणि झोपलात. तुमच्याच त्या कंपनीला फोन करकरून बोट दुखलं माझं. घंटा वाजत राहते, उचलत कोणी नाही."

चपळराव म्हणाले, "हे प्रकरण आपल्या घरापर्यंत पोचलंय तर."

ती गाठोड्यासकट रस्ता ओलांडून ऑफिसात शिरली. फोनबाईंना नमस्कार करून तिने रिसीव्हर कानाला लावला. मुका. मग तिने वायर धरली आणि टेबलाखाली वाकून ती भिंतीपर्यंत गेली. फोनला वीज देणाऱ्या डब्याचा प्लग जमिनीवर लोळत पडला होता. त्याच्या जागी आखणीच्या पडद्याचा प्लग होता.

तिने तो उपटला. भिंतीवरची सगळी आखणी काळी झाली. दुसरा प्लग खोचला, आणि फोन वाजला.

"बाई, तुम्ही बोलला का नाहीत?" मालकीणबाईंनी विचारलं.

"बोलले होते. फोन बघायला हवा, म्हटलं. हे साहेब म्हणाले, ठरलेल्या कामात मधेच नवं काम घ्यायचं नाही, पुढच्या पंधरवड्यात बघू."

सगळ्यांनी चपळरावांकडे पाहिलं. समोरच्याच्या मागचं दिसणाऱ्या त्या गृहस्थांनी पहिल्यांदाच खाली बघितलं. "चुकलं माझं, बाई," ते म्हणाले. मेव्हण्याने हे शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते.

फोन थांबेना. फोनबाईंनी एका हाताने पिशवीतली उशी काढून पाठीशी ठेवली आणि दुसऱ्या हाताने त्याच लाइनचा जोडफोन चपळरावांपुढे सरकवला.

"काय बोलू?" त्यांनी विचारलं.

"नमस्कार म्हणा, आणि गप्प बसा. लोक आपणहून सांगतात."

चपळरावांनी फोन उचलला. पण सवय जाते कुठे? "नमस्कार. सर्वप्रथम मला सांगा, आमच्याकडून तुमची नेमकी अपेक्षा काय?"

"पँट," पलीकडचा माणूस म्हणाला. "मशीनचं दार अडकलंय. पँट आत आहे. चार वाजता मुलाखत आहे माझी."

चपळरावांनी मिस्त्रींना खूण केली. मिस्त्री हत्यारांची पेटी उचलून पळाले. मग दुसरा फोन आला, एका आजींचा. त्या पाण्यापासून सुरू झाल्या आणि सुनेपर्यंत पोचल्या. चपळराव ऐकत राहिले. दोनदा त्यांनी तोंड उघडलं. फोनबाईंनी बघितलं. चपळरावांनी ते मिटलं.

संध्याकाळी मेव्हण्याने बहिणीला फोन करून सांगितलं, की दाजी आज सबंध दुपार लोकांचं ऐकत बसले होते, मधे एक शब्द बोलले नाहीत.

पलीकडे नळ बंद केल्याचा आवाज आला.

"नीट बघितलंस ना?" तिने विचारलं. "हेच होते?"