मटणाच्या वाटणासाठी काढलेली पिन

नंदाबाईंची तक्रार एकच होती आणि ती येरवड्यातल्या त्यांच्या बिल्डिंगच्या प्रत्येक मजल्यावर पोचली होती. सून फुकट राबते! नोकरी आहे, पगार आहे, ते ठीक. पण ऑफिसातून येऊन, जेवून पुन्हा लॅपटॉप उघडायचा, जगातल्या कुणाकुणासाठी खपायचं आणि छदामही घ्यायचा नाही, हे कुठलं शहाणपण?

"नाव विचारलं तर कुबेरनेटीस म्हणती," त्या शेजारच्या जयाला सांगत. "कुबेर नावात, पदरात काय? शेंगा!"

निकितानं समजावून पाहिलं होतं. "आई, पंगत बसलीय समजा. चार वाढपी. एकाला चक्कर आली, तर जेवणाऱ्याला कळायच्या आत त्याची बादली दुसऱ्यानं उचलली पाहिजे. कुणी कुठली उचलायची ते बघणारं सॉफ्टवेअर आहे हे. जगभरची माणसं मिळून लिहितात, कुणीही वापरावं."

"म्हणजे वाढायचं पण तूच आणि उपाशी पण तूच."

त्या रविवारी मात्र निकिताची कसोटी होती. कॉम्प्युटर अचानक बंद पडला तर ते चटकन ओळखून त्याचं काम दुसरीकडे हलवायचं, एवढा भाग तिनं वर्षभर खपून लिहिला होता. तो पुढच्या आवृत्तीत घ्यायचा की नाही, हे बाकीचे लिहिणारे मिळून आज व्हिडिओ कॉलवर ठरवणार होते. प्रात्यक्षिकासाठी तिनं हॉलमधल्या शोकेसवर जेवणाच्या डब्याएवढे चार कॉम्प्युटर मांडले, चौघांच्या पिना एका एक्स्टेन्शन बोर्डात खोचल्या, कॉलवरच्यांना दिसतील अशी हलती चित्रं त्यांच्यावर चालू केली आणि लॅपटॉप घेऊन बेडरूममध्ये गेली.

"आई, दार लावते. तासभर आवाज नको."

आवाजाचं सांगितलं. पिनांचं सांगायला विसरली.

इकडे नागपूरहून नंदाबाईंचे धाकटे भाऊ रावसाहेब पहिल्यांदाच नवं घर बघायला आणि जेवायला यायचे होते. मटण शिजत होतं आणि ऐन वाटणाच्या वेळी स्वयंपाकघरातल्या बोर्डानं मान टाकली. वायरमन फोनवर नुसतंच "आलोच" म्हणत होता. नंदाबाईंनी मिक्सर उचलून हॉलमध्ये आणला. बोर्ड भरलेला. चार डबे, चार लुकलुकते दिवे.

"चारातला एक उठला तर काय बिघडतंय," म्हणत त्यांनी एक पिन उपसली.

आत निकिताचं इंग्रजी क्षणभर थांबलं. मग जरा घाईनं पुढे चाललं.

वाटण अर्ध्यावर असताना धम्मदीप, म्हणजे चिरंजीव, फोन नाचवत आला. "आई, मामा वाट चुकलेत. त्यांना रस्ता सांगतोय आणि माझा फोन मरायला टेकलाय!"

"मग लाव की इथं."

"अगं, पण ते निकिताचे..."

"तिचे अजून आहेत. मामा एकच आहे."

दुसरी पिन गेली. आतला आवाज चढला.

मामा आले ते घामाघूम. हातात चार्जर. "अक्का, पाणी नंतर. आधी हा लाव. फोन बंद पडला म्हणून तर कल्याणीनगर फिरून आलो."

तिसरी पिनही गेली. रावसाहेब खुर्चीत टेकले, घरभर नजर फिरवली आणि दंडावर चापट मारून म्हणाले, "घर झकास आहे अक्का. डास मात्र जुनेच आणलेत."

हे नंदाबाईंना झोंबलं. तरातरा जाऊन त्यांनी डास मारायचं मशीन आणलं आणि चौथ्या पिनेला हात घातला.

"आई! हात काढा!"

दारात निकिता. कडेवर लॅपटॉप, चेहरा पांढराफटक. "कुणी काढल्या पिना?"

"मी. वाटण काय तुझं सॉफ्टवेअर करणार होतं?"

तेवढ्यात लॅपटॉपमधून चक्क मराठी आली. "निकिता, कोण आहेत?"

"सासूबाई," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "आई, हा आमोद. जर्मनीत असतो. निर्णय ह्या सगळ्यांच्या हातात आहे."

"काकू, नमस्कार. खरं सांगा, हे हिनं तुम्हाला करायला सांगितलं होतं?"

"मला? माझ्या घरात पिन काढायला मी हिला विचारू?"

आमोदनं ते इंग्रजीत सांगितलं. पडद्यावरच्या चौकटी-चौकटीतून हशा फुटला.

"काकू, आमचं भांडण तेच होतं. हिनं ठरवून, स्वतः निवडलेला कॉम्प्युटर बंद केला तर त्यात कसली परीक्षा? तुम्ही तर न सांगता तीन पाडलेत. आम्ही सगळे त्यांच्यावरची चित्रं बघत होतो. एकही चित्र अडकलं नाही. निकिता, घेतला तुझा भाग. एकमतानं."

नंदाबाईंनी चौथ्या डब्यावर तळहात ठेवला.

"हा एकटा तिघांचं ओढत होता?"

"हो. थोडा तापलाय."

"कुरकुर न करता?" त्यांनी धम्मदीपकडे एक कटाक्ष टाकला. "आणि आता हे जगभर जाणार?"

"दवाखाने, शाळा, ज्याला हवं त्यानं घ्यावं."

"फुकट?" रावसाहेब हसले. "मग पोरीला मिळालं काय?"

"तू गप रे!" नंदाबाई कडाडल्या. मग डोक्यावरचा पदर सारखा करून सुनेकडे वळल्या.

"गल्लीत विहार बांधत होते, तेव्हा हा धम्मदीप पोटात होता आणि मी फुकट विटा वाहत होते. सासू दारात उभी राहून म्हणाली, येडी झालीस काय? आज मी तुला तेच सांगते, निकिता. येडी आहेस. पक्की येडी. बरं झालं, ह्या घरात आजवर मी एकटीच येडी होते."