युरोपातला एक लहान देश

माणूस मेल्यावर हलका होतो की जड, याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. पैसा मेल्यावर मात्र त्याचे वजन गुंजभरही कमी होत नाही. म्हणूनच मेलेला माणूस कोणी घरात ठेवत नाही आणि मेलेला पैसा वर्षानुवर्षे कपाटात ठेवतात.

हे तत्त्व एकदा पटले, की 'मोडीत निघालेल्या परकीय चलनाचे मूल्यनिर्धारण व विनिमय कार्यालय' कशासाठी लागते, हे समजायला वेळ लागत नाही. (ज्यांना लागतो, त्यांच्यासाठी कार्यालयात दोन बाके ठेवलेली आहेत.)

तरीही नीट समजून घ्या. समजा, तुमचा मामा फार वर्षांपूर्वी युरोपात जाऊन आला. परतला तेव्हा त्याच्या कोटाच्या खिशात तीन नाणी आणि एक नोट राहिली होती. मामा म्हणाला, "असू दे, पुढच्या वेळी उपयोगी पडेल." पुढची वेळ येईपर्यंत मामाचे गुडघे गेले आणि त्या देशाचे चलन गेले. लिरा, फ्रँक, मार्क, गिल्डर अशी सगळी भावंडे गुंडाळून तिकडे एकच सामाईक नाणे सुरू झाले. मामाकडे जे उरले, ते या कार्यालयात येते.

अर्जात चौदा रकाने आहेत. नववा रकाना विचारतो, 'चलन वेळेत न खर्चण्याचे कारण'. एका वर्षी कार्यालयाने या उत्तरांची मोजदाद केली. शंभरांपैकी एकसष्ट जणांनी 'पुढच्या वेळी' असे लिहिले होते. बावीस जणांनी 'हिने ठेवले' आणि चौदा जणींनी 'ह्यांनी ठेवले' असे लिहिले (ही बहुधा एकाच घरातली माणसे असावीत). उरलेल्या तिघांनी 'वाचले' एवढेच लिहून सही केली होती.

कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे. खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना असल्याने गाल धरलेली माणसे चुकून एक जिना जास्त चढतात आणि रांगेत उभी राहतात. नोटा उडू नयेत म्हणून पंखा लावत नाहीत. नाण्यांची प्रतवारी तीन प्रकारची: कोणीही हात न लावलेले ते 'उत्तम', हात लावलेले ते 'बरे', आणि ज्याने खरोखर काही विकत घेतले गेले ते 'असू दे'. पैसा जितका कमी वापरावा तितका तो मौल्यवान, हे कार्यालयाचे मूळ सूत्र. (श्रीमंतांना ते घरीच शिकवतात.)

ही प्रतवारी एकतीस वर्षे एकच माणूस करत होता. त्याला सगळे भिंगसाहेब म्हणत, कारण उजव्या डोळ्याला भिंग लावल्याशिवाय तो कोणत्याही गोष्टीबद्दल मत देत नसे. एकदा बायकोने विचारले, "भाजीत मीठ बरोबर आहे का?" तेव्हाही म्हणे त्याचा हात आधी खिशाकडे गेला होता.

एकतीस वर्षांत भिंगसाहेबांच्या हातून एकही चूक झाली नव्हती. निवृत्तीला चार महिने उरले होते. बिनचूक सेवा करणाऱ्याला वरिष्ठ कार्यालय निरोपाच्या दिवशी 'निर्दोष मूल्यांकन' असे कोरलेला तांब्याचा फलक देते. हा फलक आजवर कोणालाच मिळालेला नव्हता. साहेबांच्या बायकोने बैठकीच्या खोलीत दारासमोरच्या भिंतीवर त्यासाठी खिळा ठोकूनही ठेवला होता. पाहुणे विचारत, "वहिनी, इथे काय लावणार?" त्या म्हणत, "चार महिन्यांनी या, मग कळेल."

अशा निर्मळ काळात, एका मंगळवारी, खिडकीसमोर एक बाई येऊन उभ्या राहिल्या. वय सत्तरीच्या पुढे, हातात खडूची लाकडी पेटी. त्यांनी खिडकीच्या कडेवर बोटाने दोनदा टकटक केले. त्या आवाजासरशी भिंगसाहेब उभे राहिले. का उभे राहिलो, हे त्यांना क्षणभराने कळले. त्या त्यांच्या चौथीच्या वर्गाच्या बाई होत्या.

बाईंनी त्यांना ओळखल्याचे काही चिन्ह दिसले नाही. (चष्मा जाड होता. जाड चष्म्याआडून कोण काय ओळखते, हे सांगता येत नाही.)

"मी छत्तीस वर्षं भूगोल शिकवला," बाई म्हणाल्या. "युरोपही शिकवला. तिकडे कधी गेले नाही. मुलांचे काका, आत्या, मोठे भाऊ जाऊन यायचे आणि उरलेली नाणी मुलं मला आणून द्यायची. ही दोनशे बारा आहेत. शाळेला नवा नकाशा घ्यायचाय. जुन्यावरचे निम्मे देश आता तिथे नाहीत."

प्रत्येक नाणे कागदाच्या पुडीत होते. पुडीवर देणाऱ्या मुलाच्या अक्षरात त्याचे नाव, हजेरी क्रमांक आणि देश. भिंगसाहेबांनी तीन दिवसांत दोनशे अकरा पुड्या उलगडल्या. मुलांनी नाण्यांवर कागद ठेवून पेन्सिली घासल्या होत्या, त्यामुळे सगळी 'बरे' या प्रतीत बसली. सगळी मिळून नकाशाच्या पश्चिमेकडच्या अर्ध्या भागापुरती रक्कम होत होती.

दोनशे बारावी पुडी त्यांनी उलगडली आणि भिंग डोळ्यावरून खाली पडले.

आत सायकल स्टँडचा पितळी बिल्ला होता. वर भोक, मधोमध ३७ हा आकडा. बाकीची अक्षरे दगडावर घासून घासून काढलेली. पुडीवर लिहिले होते: 'देश: युरोपातला एक (लहान). काकांनी आणले.' त्याखाली नाव होते. ते भिंगसाहेबांचे होते.

त्यांना काका नव्हता. वर्गात सगळे नाणी आणत होते, म्हणून अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी त्यांनीही एक आणले होते, इतकेच.

आता पेच लक्षात घ्या. नाणे खरे म्हणून नोंदवले, तर ती एकतीस वर्षांतली पहिली चूक. खोटे म्हणून नोंदवले, तर चौदावा रकाना भरावा लागतो: 'खोटे नाणे पुरवणाऱ्याचे नाव'. आणि फलकाच्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे, की ज्याचे नाव चौदाव्या रकान्यात आले, त्याला फलक मिळणार नाही. (हा नियम करणाऱ्याला वेडा म्हटले गेले होते. दूरदृष्टीची माणसे अशीच ओळखावीत.)

"बाई, या एका नाण्याला जरा वेळ लागेल," भिंगसाहेब म्हणाले.

"लागू दे," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं थांबलंय, अजून थोडं थांबेल."

त्या रात्री भिंगसाहेब जेवताना सारखे खिळ्याकडे बघत होते. सकाळी त्यांनी अर्जावर एक नवाच शेरा लिहिला: 'मूल्य निश्चित, देश प्रतीक्षेत.' आणि तो वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवून दिला. पाठवलेला कागद निदान चार महिने परत येत नाही, असा त्यांचा अनुभव होता.

कागद आठव्या दिवशी परत आला. उत्तर असे होते: 'देश प्रतीक्षेत असा प्रवर्ग अस्तित्वात नाही. तथापि आपल्या हातून एकतीस वर्षांत चूक झालेली नसल्याने ती आताही झालेली नाही, असे गृहीत धरून सदर प्रवर्ग निर्माण करण्यात येत आहे. सदर देशाच्या नाण्याचा दर त्वरित दर्शनी फलकावर लावावा.'

दर काढण्याची पद्धत ठरलेली होती. पितळेचे वजन घ्यायचे आणि ते दुर्मिळतेने गुणायचे. असे नाणे जगात एकच माहीत असल्याने दुर्मिळता अफाट निघाली. दर्शनी फलकावर लिरा आणि फ्रँकच्या खाली नवी ओळ आली: 'युरोपातला एक लहान देश: सव्वाशे.' शेजारी नमुना म्हणून तो ३७ आकड्याचा बिल्ला टांगला.

दुसऱ्या दिवशी रांग जिन्यावरून खाली दवाखान्यापर्यंत गेली. दातवाल्यांनी आपले नंबर विकले.

"पण हा देश कुठला हो?" रांगेत एकाने विचारले.

"लहान आहे," पुढचा म्हणाला. "लहानांचंच बरं असतं. डोक्यावर कर्ज नाही, भांडण नाही."

"आणि बदलून घ्यायला शेवटची तारीख?"

"तीच तर मजा! बाकीच्यांनी तारखा लावल्या. यांनी अजून लावलेलीच नाही."

हा विचार चुकीचा म्हणता येणार नाही. फलकावरच्या सगळ्या देशांचा तो पैसा आता अस्तित्वात नव्हता. ज्या देशाचा पैसा कधीच अस्तित्वात नव्हता, त्याची परिस्थिती त्यांच्यापेक्षा वाईट कशी असेल? उलट बाकीचे एकदा बुडाले होते. हा एकदाही बुडालेला नव्हता.

भिंगसाहेब खिडकीत बसून एकामागून एक बिल्ले भिंगाखाली धरत होते. ११, ६४, ९८. सगळ्यांची अक्षरे घासलेली. (जुनेपणाचा हा पक्का पुरावा मानला जातो.) पहिला खरा असेल तर दुसरा खोटा कसा म्हणणार? ते प्रत्येक अर्जावर सही करत आणि पुढचा बिल्ला उचलत.

चौथ्या दिवशी सायकल स्टँडवाला धापा टाकत वर आला.

"साहेब, माझे साठ बिल्ले गेले! लोक सायकल लावतात, बिल्ला घेतात आणि चालत घरी जातात. साठ सायकली गंजत पडल्यात. कोणाला परत देऊ?"

साहेबांना वाटले, सुटलो. हा माणूस आता सगळे बाहेर काढेल. तेवढ्यात रांगेतून एकाने विचारले, "तुमच्याकडे अजून किती शिल्लक आहेत?"

"चाळीस."

"चाळीस गुणिले सव्वाशे करा की."

स्टँडवाल्याने बोटांवर हिशेब केला. मग तक्रारीचा कागद घडी घालून खिशात ठेवला आणि विनिमयाचा अर्ज मागितला. नवव्या रकान्यात त्याने लिहिले: 'आजवर अक्कल नव्हती.'

पुढच्या मंगळवारी बाई आल्या. काखेत जुना नकाशा गुंडाळून आणला होता. रांगेने त्यांना आदराने वाट दिली, कारण पहिले नाणे त्यांचे होते. त्या एका बिल्ल्याचे सव्वाशे आणि बाकी दोनशे अकरांची रक्कम मिळून आता अख्खा नकाशा येत होता. भिंगसाहेबांनी पैसे मोजून खिडकीतून पुढे सरकवले.

बाईंनी पैशांना हात लावला नाही. जुना नकाशा कार्यालयाच्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला, उलगडला, आणि दाराच्या कोपऱ्यातली जळमटे काढायची काठी उचलून साहेबांच्या हातात दिली.

"नवीन नकाशा आला की मुलं विचारणार, बाई, सव्वाशेवाला देश कुठाय? मला दाखवून ठेव."

भिंगसाहेब बाहेर आले. जिन्यापर्यंत सगळी माणसे टाचा उंच करून बघू लागली. काठी पश्चिमेकडून निघाली, डोंगर ओलांडून गेली, दोन नद्यांवर घुटमळली आणि शेवटी समुद्राजवळच्या एका निळ्या ठिपक्यावर टेकली.

"तिथेच!" रांगेतला एक गृहस्थ ओरडला. "आम्ही जाऊन आलोय. थंडी फार, पण माणसं गोड."

"रस्ते किती स्वच्छ!" त्याची बायको म्हणाली.

बाईंनी पदराने चष्मा पुसला आणि ठिपक्याजवळ गेल्या.

"बारक्या," त्या म्हणाल्या. हे साहेबांचे वर्गातले नाव होते. एकतीस वर्षांत कार्यालयात ते कोणी उच्चारले नव्हते. "हा शाईचा डाग आहे. त्या दिवशी मी देश दाखव म्हटलं, तेव्हाही तू इथेच बोट ठेवलं होतंस. बोटाला शाई होती तुझ्या."

"तुम्हाला तेव्हाच माहीत होतं, बाई?"

"सदतीसचं नाणं कुठला देश पाडतो रे? मला वाटलं, आज ना उद्या स्वतः येऊन सांगशील. चुका मी खोडत नाही. ज्याची त्यानं खोडायची. तू आलाच नाहीस, म्हणून मग मीच आले."

त्यांनी पेटीतून पेन्सिलीचा तुकडा काढून पुढे केला.

भिंगसाहेबांनी खिडकीकडे पाहिले. खिडकीपलीकडे अर्ज होता, आणि घरी एक खिळा होता. त्यांनी पेन्सिल घेतली, 'मूल्य निश्चित, देश प्रतीक्षेत' यावर रेघ मारली, 'खोटे' असे लिहिले, आणि चौदाव्या रकान्यात, चौथीतल्यासारखे वळणदार, स्वतःचे पूर्ण नाव लिहिले.

"र्‍हस्वदीर्घ बरोबर आहे," बाई म्हणाल्या, आणि दोनशे अकरांचे पैसे तेवढे उचलले. (नकाशा शाळेत पूर्ण लागला आहे. पूर्वेकडच्या अर्ध्या भागाचे पैसे कोणी दिले, याची नोंद कोणत्याही रकान्यात नाही.)

फलक अर्थात आला नाही. बायकोने आठ दिवस अबोला धरला आणि नवव्या दिवशी भिंगसाहेबांच्या हातात कॅलेंडर देऊन म्हणाली, "खिळा वाया नको जायला."

आता दराचे काय झाले, असे विचाराल. साहेबांनी रांगेपुढे उभे राहून मोठ्याने सांगितले, की हा देश नाही, हे बिल्ले आहेत, सायकली घेऊन घरी जा. रांग शांतपणे ऐकत राहिली. मग मागून कोणीतरी हळूच म्हणाले, "म्हणजे याला सगळे स्वतःसाठी हवेत." दुपारी जिन्यावर दोनशेचा भाव निघाला. आता तिथे अडीचशे चालू आहे असे ऐकतो.

हसलात ना? हसायलाच हवे. लोक इतके भोळे असतात, हे पाहून शहाण्याला हसू येणारच. फक्त एक शंका आहे, तिचे उत्तर सावकाश द्या, घाई नाही. सव्वाशेचा भाव वाचल्यावर तुम्ही डाव्या हाताने टेबलाचा जो खण उघडलात, तो अजून बंद का केलेला नाही?