राखीव पीठ

पूल मंगळवारी सकाळी वाहून गेला आणि गावाचा पीठपुरवठा अधिकृतरीत्या खंडित झाला.

गोदामप्रमुख निश्चिंत होते. सरकारी गोदामात चारशे पोती पीठ होतं आणि कपाटात ‘आपत्कालीन अन्नपुरवठा सातत्य आराखडा’, पृष्ठे तीनशे बारा. त्यांनी तो प्रथमच उघडला. ‘पर्यायी मार्ग’ या सदराखाली लिहिलं होतं : तोच पूल, उलट दिशेने.

गुरुवारी पावभट्टीवाल्या मावशी आल्या.

“साहेब, आजची भट्टी कशीबशी निघेल. उद्या रुग्णालयात पाव जाणार नाही. साठ पेशंट आहेत. दहा पोती द्या.”

“मावशी, तुम्हाला नाही द्यायचं तर कोणाला? पण साठा चारशेच्या खाली गेला की आणीबाणी जाहीर होते.”

“मग होऊ द्या की!”

“आणीबाणीत साठ्याला हात लावायचा नाही, असा नियम आहे.”

मावशींनी पदराने कपाळ पुसलं. “म्हणजे आत्ता द्यायचं नाही, कारण आणीबाणी येईल. आणि आली की द्यायचं नाही, कारण आली.”

“तुम्ही आराखडा वाचलाय वाटतं!” प्रमुख कौतुकाने म्हणाले.

तरी माणुसकी म्हणून त्यांनी नदीपलीकडच्या मोठ्या साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, “अर्ज मूळ प्रतीत इकडे पाठवा.”

“साहेब, पूल नाहीये.”

“मग झाल्यावर पाठवा. घाई कसली?”

मावशी पाटी घेऊन दारोदार फिरल्या. घरटी एक वाटी पीठ मिळालं तरी रुग्णालयाचं भागणार होतं. पण सगळीकडे एकच उत्तर : “चिमूटभर नाही हो!” मुख्याध्यापकांनी तर सामाजिक बांधिलकीवर दारातच दहा मिनिटं सुंदर भाषण केलं. त्यांचे हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले होते. पाटी रिकामीच परत आली.

संध्याकाळी प्रमुख घरी गेले, तर बायको कणीक मळत होती.

“आपल्याकडे पीठ आहे?”

“आहे की. पलंगाखाली पाच पोती. पूल काही टिकत नाही, असं रविवारी तुम्हीच नाही का म्हणालात? मी फक्त ताईला सांगितलं.”

“आणि ताईंनी?”

“तिनेही फक्त जावेलाच.”

प्रमुखांनी वाकून पलंगाखाली पाहिलं. शुक्रवारी उजाडताच त्यांनी पाचही पोती हातगाडीवर घातली आणि बायकोच्या बोलण्याकडे काणाडोळा करून भट्टीवर नेली. मावशींनी पहिल्या पोत्याची शिवण उसवली आणि प्रमुखांच्या हातात चाळणी दिली. त्या दिवशी पाव तासभर उशिरा पोचला, पण पोचला. पुढे आठवडाभर पोचत राहिला.

तात्पुरता पूल झाल्यावर तपासणी समिती आली. चारशेच्या चारशे पोती जागेवर पाहून अध्यक्षांना भरून आलं. आपत्तीत एक कणही न हललेलं गोदाम म्हणून पहिलं पारितोषिक मिळालं. त्याच टपालाने प्रमुखांना नोटीस आली : विनापरवाना पीठवाटप केल्याबद्दल खुलासा करावा. त्यांनी खुलाशात एकच ओळ लिहिली, “पेशंट भुकेले होते.” ती विहित नमुन्यात नसल्यामुळे परत आली.

त्यानंतरच्या आठवड्यात कचरागाडीला तीन खेपा जास्त पडल्या. ओल लागून अळ्या पडलेलं पीठ घरोघरून निघत होतं. काळ्या पिशव्यांतून, तोंड घट्ट बांधून. “काय आहे यात?” असं गाडीवाल्याने विचारलं की सगळे म्हणत, “काही नाही हो, जुने कपडे.”

कुठल्या दारातून किती जुने कपडे निघाले, ते गाडीवाल्याच्या पक्कं लक्षात आहे. पण माणूस सज्जन. कोणाचं नाव घेणार नाही. तेव्हा तुम्हीही उगाच काळजी करू नका.