सहा काडतुसांचं सर्वसंमत वाटप

मंडळाच्या दसरा उपक्रमाचं इतिवृत्त. डब्लिन, ओहायो.

मुद्दा १.
उल्हासकाकांनी शेजारच्या इस्टेट सेलमध्ये, म्हणजे घरातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत, १८८७ सालचं रिव्हॉल्व्हर घेतलं. काका निवृत्त प्लॅस्टिक सर्जन आहेत. दर डिसेंबरात ते मिरजेला जाऊन दुभंगलेल्या ओठांच्या मुलांवर फुकट शस्त्रक्रिया करतात. यंदा चोवीस मुलांच्या तारखा ठरल्या आहेत.

आपल्या मंडळाने दसऱ्याच्या शस्त्रपूजेत आजवर लॅपटॉप, ड्रिल मशीन आणि एकदा एअर फ्रायर पूजला आहे. खरं शस्त्र प्रथमच मिळत असल्याने पूजेनंतर काकांनी सहा बार काढावेत, असं ठरलं. एवढ्या जुन्या शस्त्राला सरकारी कागद लागत नाहीत, असं कळलं. म्हणून मंडळाने स्वतःचे तयार केले.

मुद्दा २.
काका रिव्हॉल्व्हर घेऊन गावातल्या बंदूक दुरुस्त करणाऱ्या वॉल्टरकडे गेले. वॉल्टरने ते उघडून पाहिलं आणि सांगितलं, "हे जुन्या काळ्या दारूसाठी बनलंय. हल्लीचं काडतूस बसेल, पण त्याचा दाब याला झेपणार नाही. काडतुसांचं चक्र फुटेल आणि तुमची बोटं जातील." या सल्ल्याचे त्याने पैसे घेतले नाहीत.

इथेच शंकेला जागा निर्माण झाली.

मुद्दा ३.
सुरक्षित काडतूस निवड उपसमिती नेमण्यात आली. अध्यक्ष सत्यजित, सॉफ्टवेअर आर्किटेक्ट. सदस्य ज्ञानदा, प्रोजेक्ट मॅनेजर. काकांना फक्त निमंत्रित म्हणून घेतलं, कारण हात त्यांचा असल्याने त्यांचं मत निःपक्षपाती राहिलं नसतं.

"एक ओळ सांगितली त्याने," ज्ञानदा म्हणाली. "रिपोर्ट नाही, डेटा नाही. आणि डिग्री कुठेय?"

"साइज मॅच होतो ना?" सत्यजित म्हणाला. "मग बॅकवर्ड कम्पॅटिबल असणारच, यार. काका, तुम्ही टेन्शन घेऊ नका."

"पण तो म्हणाला की बोटं..."

"काका, रिस्क रजिस्टरमध्ये टाकलंय ते. रो नंबर अकरा."

मुद्दा ४, ५, ६.
बत्तीस स्लाइड्स झाल्या. त्यातल्या नऊ काडतुसांच्या खोक्याच्या रंगावर होत्या. काडतुसाच्या ऑनलाइन अभिप्रायांची सरासरी काढण्यात आली: नव्याला पावणेपाच तारे, काळ्या दारूच्या जुन्या पद्धतीच्याला साडेतीन, कारण धूर फार. एका सभासदाने लहान मुलं येणार असल्याने शिसं नसलेलं काडतूस सुचवलं. एकाने विचारलं की उपवासाच्या दिवशी चालेल का.

अखेर मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मतदान. जुनी ६१, नवी ६१.

पद्मजाकाकूंनी ग्रुपवर लिहिलं, "अहो, हे मतदानाने ठरत नसतं. ह्यांचा उजवा हात आहे तो." मजकूर मुद्द्याला धरून नसल्याने अॅडमिनने त्यांना ग्रुपमधून काढलं.

मुद्दा ७.
समान मतं पडल्याने तोडगा निघाला. चक्रात सहा घरं. तीन जुनी काडतुसं, तीन नवी. कुणावर अन्याय नको.

मात्र पहिला मान कुणाचा, यावरून पुन्हा दोन तट पडले. म्हणून काडतुसं चिठ्ठ्या टाकून भरायची आणि क्रम गोपनीय ठेवायचा, असं एकमताने ठरलं. मंडळाच्या इतिहासातला हा पहिला एकमताचा ठराव. टाळ्या.

मुद्दा ८. प्रत्यक्ष कार्यक्रम.
स्थळ, गावाबाहेरचं शेत. पूजा झाली. रिव्हॉल्व्हरला हळदकुंकू लागलं. सभासद चाळीस पावलं मागे उभे राहिले, उपसमिती साठ.

पहिला बार. ठो! पांढरा धूर. "सेफ आहे!" ज्ञानदाने नोंद केली.

दुसरा. पुन्हा धूर. टाळ्या.

पद्मजाकाकू पुढे आल्या. "अहो, बस झालं आता. ठेवा ते खाली."

काकांनी हात खाली घेतला. मागे वळून विचारलं, "सत्यजित, पुढचं कुठलं आहे रे?"

"काका, ते सांगता येणार नाही. प्रोसेस आहे." मग जरा आर्जवाने, "काका, सगळे फोन काढून उभे आहेत."

काकांनी एकशेबावीस फोनांकडे पाहिलं. एवढे लोक गाड्या काढून आलेले. नाही म्हणणं बरं दिसेना. त्यांनी हात वर केला.

मुद्दा ९.
चक्र फुटलं. अंगठा आणि तर्जनी. उरलेली तीन काडतुसं न उडाल्याने त्यांच्याबाबत निष्कर्ष काढता आला नाही.

उपसमितीची कामगिरी, तीनपैकी दोन बार यशस्वी, म्हणजे सदुसष्ट टक्के. काकांची बोटं, दहापैकी आठ, म्हणजे ऐंशी. दोन्ही आकडे उद्दिष्टाहून जास्त असल्याने अभिनंदनाचा ठराव मांडण्यात आला. मिरजेला फोन पद्मजाकाकूंनी केला. ते खासगी असल्याने इथे नोंदलेलं नाही.

त्या दिवसापासून ग्रुपवर तीनशे चार मेसेज आले. त्यातले दोनशे नव्वद 'व्हिडिओ आहे का?' असे होते. चोवीस मुलांचं पुढे काय, हे कुणी विचारलं नाही.

आपणही इथवर वाचत आलात. सहा काडतुसं चिठ्ठ्यांनी भरली, तेव्हाच पुढे काय होणार हे आपल्याला कळलं होतं. तरीही आपण वाचन थांबवलं नाहीत. कोणता बार फुटतो, तेवढंच बघायचं होतं. नियमानुसार आपली उपस्थिती नोंदवली आहे आणि मत ठरावाच्या बाजूने धरलं आहे.