जहाजावर काम चालू आहे

बेत आखावा तर मीच! असं मी धारूरच्या आमच्या गल्लीत महिनाभर सांगत फिरत होते. नवऱ्याला सिमेंटपासून इतकं लांब न्यायचं, की थापीचा आवाज सोडा, वाळूचा कणसुद्धा नजरेला पडणार नाही.

आमचे हे, अर्जुनराव, गुत्तेदार आहेत. धारूर ते अंबाजोगाई रस्त्यावरच्या निम्म्या इमारती यांनी उभ्या केल्या आणि उरलेल्या निम्म्यांना नावं ठेवली. लग्नानंतर महाबळेश्वरला गेलो, तर सगळं जग सूर्यास्त बघत होतं आणि हे पाठ फिरवून कठड्याचं प्लास्टर नखानं खरवडत होते. तुळजापूरला दर्शनाच्या रांगेतून गायब झाले. सापडले कुठं? शेजारच्या लॉजच्या नव्या स्लॅबखाली, सेंट्रिंगचे टेकू हलवून बघताना! मी हातात ओटीचं ताट घेऊन अख्ख्या बाजारात "अहो, अहो" करत हिंडले, आणि तिथले निम्मे पुरुष वळून बघत होते.

मग गेल्या दिवाळीच्या तोंडावर एका स्लॅबवर उभे असतानाच यांच्या छातीत कळ आली. अंबाजोगाईला नेलं. स्टेंट बसवला. डॉक्टर म्हणाले, "आता साइटवर पाय ठेवायचा नाही. ती धूळ नको, तो गोंगाट नको. शांतता हेच औषध."

काम आमच्या मुलानं, अंगदनं, हातात घेतलं आणि हे घरी बसले. मला वाटलं, चला, इतक्या वर्षांनी नवरा वाट्याला आला! पण कसलं काय. दिवसभर खुर्चीत छताकडे बघत बसायचे. रात्री या कुशीवरून त्या कुशीवर. विचारलं की, "काय न्हाई." टीव्ही लावला तर बंद करायचे आणि बंद केला की अस्वस्थ व्हायचे. माणूस घरात होता आणि नव्हताही.

म्हणून मी विचार केला. डोंगरावर जावं तर तिथं रिसॉर्ट बांधायलेत. देवाला जावं तर भक्तनिवास. पण समुद्रावर? पाण्यात कोण पाया खोदणार? मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणारं मोठं जहाज होतं. अंगदनं तिकिटं काढली. सोबतीला यांचे शाळेपासूनचे दोस्त पाशाभाई आणि त्यांच्या पत्नी गौसियाभाभी तयार झाले. पाशाभाई फळांचे व्यापारी. जहाजावर पोहायचा तलाव आहे, हे कळल्यापासून भाभी हवेत होत्या. लेकीनं त्यांना पायघोळ, लांब बाह्यांचा पोहायचा पोशाख घेऊन दिला होता. त्या तो घडी उलगडून सगळ्यांना दाखवायच्या आणि पुन्हा घडी घालायच्या.

निघताना मी यांना बजावलं, "फोन घरी राहील. आणि कुठं काम चालू दिसलं तर तोंड फिरवायचं."

"समुद्रात कोण काम काढणार हाय, विजे?"

"म्हणूनच तर!" मी म्हणाले.

जहाज बघायला आम्ही चौघांनी माना वर केल्या. त्यात अख्खं धारूर बसलं असतं आणि गच्चीवर गावचा किल्ला ठेवायला जागा उरली असती. आत पाऊल टाकलं आणि नाकात वास शिरला. ओल्या रंगाचा! जमिनीवरच्या गालिच्यावर प्लास्टिक अंथरलेलं. भिंतीशी मोठा फलक. आपल्या सुखासाठी जहाजाचं नूतनीकरण सुरू आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व.

मी फलकाच्या पुढं उभी राहिले, म्हणजे यांना दिसू नये. पण मी काही एवढी रुंद नाही.

"काम निघालंय वाटतं," हे म्हणाले. आवाज अगदी साधा. पण कितीतरी महिन्यांनी या माणसाच्या डोळ्यांत काहीतरी हललं, ते मी पाहिलं.

खोली छान होती. गोल खिडकी, खिडकीत समुद्र. मी म्हणाले, "ऐका. किती शांत हाय!"

खर्रर्रर्र! पलीकडची भिंत थरथरली. टेबलावरचा पेला चालत चालत कडेला गेला.

हे पलंगावर डोळे मिटून आडवे झाले होते. म्हणाले, "ड्रिल हाय."

"लाटा हायत त्या."

"लाटा भिंतीला भोकं पाडायल्यात?" थोडं थांबून म्हणाले, "आता कटर. टाइल कापायलेत. ब्लेड बोथट झालंय बघ."

मी तरातरा स्वागतकक्षात गेले, भांडायला. तिथं माझ्याआधी रांग होती. सगळे भांडायलाच आलेले. कुणाच्या न्हाणीघरात पाणी नाही, कुणाच्या खिडकीसमोर रंगाऱ्यांचा झुला. मी तासभर उभी राहून, हात हलवत परत आले. खोलीत धडधड चालूच होती आणि त्या धडधडीत अर्जुनराव घोरत होते! गाढ. तोंड उघडं, एक हात पलंगाखाली लोंबलेला. मला वाटलं, समुद्राची हवा मानवली. डॉक्टरांना फोन करून सांगावं, इतका आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही वरच्या डेकवर गेलो. तलाव होता. पाणी नव्हतं. तळाशी कामगार बसून टाइल लावत होते, आणि भोवती आरामखुर्च्यांवर काळे चष्मे लावलेले प्रवासी पहुडून त्यांच्याकडे बघत होते. गौसियाभाभी कठड्याशी उभ्या राहिल्या. हातात पोशाखाची पिशवी. मला त्यांच्याकडे बघवेना.

"भाभी, चला, खाली गाण्याचा कार्यक्रम हाय," मी म्हणाले. यांना पाशाभाईंच्या हवाली केलं. "पाशाभाई, यांना हलू द्यायचं न्हाई."

"तुमी बिनघोर जावा ताई. मी हाय ना!"

ते ‘मी हाय’ म्हणजे काय, हे मला नंतर कळलं. मी जिना उतरेपर्यंत ते टोपी तोंडावर ओढून झोपले होते.

दुपार कलली. गाणी ऐकता ऐकता भाभी एकदम उठल्या. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की संध्याकाळी तलावात पाणी सोडणार आहेत. "ताई, मी कपडे बदलून येते!" त्या पळाल्या. मी एकटी बसले होते, तेवढ्यात वरच्या कर्ण्यातून आवाज आला. धारूरच्या अर्जुनरावांच्या पत्नीनं ताबडतोब वरच्या डेकवर यावं.

मी ताडकन उठले.

लिफ्टला कुलूप, आत काम चालू. मी जिन्यानं धावले. एक चप्पल कुठं गेली कुणास ठाऊक. कठड्याला धरलं, तर तो नुकताच रंगवलेला. हात पांढराफटक झाला. डोक्यात एकच चाललं होतं. मी आणलं. घरी बरे होते, दवाखाना जवळ होता, मीच यांना हौसेनं पाण्याच्या मधोमध आणून ठेवलं.

वर पोहोचले. गर्दी. गर्दी तलावाभोवतीच. मी कोपरानं माणसं बाजूला सारली. त्यांच्या अंगावर टॉवेल, गळ्यात रबरी चाकं, कुणाच्या डोक्यावर पोहायची टोपी. आणि कोरड्या तलावाच्या तळाशी, हात मागं बांधून, शर्ट पँटीत खोचून, अर्जुनराव उभे! ठणठणीत!

काठावरून टक्कल पडलेले एक गृहस्थ ओरडत होते, "तुम्हीच म्हणालात ना, संध्याकाळपर्यंत होऊन जाईल? कुठंय पाणी?"

पांढऱ्या गणवेशातला अधिकारी माझ्याकडे वळला. "मॅडम, हे आपले पती? यांनी सगळ्यांना सांगितलं, तलाव आज सुरू होणार. आमच्या वेळापत्रकात तर तो या फेरीत नाहीच."

मी तलावाच्या शिडीनं खाली उतरले. "अहो, कावून सांगितलं असं?"

"मी कुठं सांगाय गेलतो?" हे कुजबुजले. "मी नुसता बघत उभा होतो. ह्या टकल्या साहेबांनी येऊन इचारलं, इथं जबाबदार कोण हाय? माझ्या तोंडातून निघून गेलं, बोला."

"बोला?"

"सवय हाय ना! मग ते म्हणले, कधी होणार? मी म्हणलं, संध्याकाळपर्यंत होऊन जाईल. गुत्तेदारानं दुसरं काय म्हणायचं असतं?"

तेवढ्यात काठावर गौसियाभाभी आल्या. अखेर पोशाख चढला होता. त्यांनी खाली कोरडी फरशी पाहिली, यांच्याकडे पाहिलं आणि सगळा उलगडा झाला. "या अल्ला! भाई, तुमी सांगितलंत? अवो, आमचं घर बांधताना बी असंच म्हणलते. रमजान ईदला राहायला जाल! गेलो कधी? पुढल्या साली, बकरी ईदला!"

गर्दी हसायला लागली. टकलू गृहस्थसुद्धा. पाशाभाई कुठूनसे डोळे चोळत आले आणि म्हणाले, "काय बे अर्जुन, हितं बी काम धरलंस का?"

मला मात्र हसू येईना. मी यांच्या छातीवर हात ठेवला. ठोका लागत होता. नीट, एका लयीत. "दुखायलं न्हाई ना?" मी विचारलं, आणि मग भर तलावात, एका पायात चप्पल घालून, रडायला लागले. हसणं हळूहळू थांबलं. मी हात काढला, तेव्हा यांच्या शर्टावर, बरोबर काळजावर, माझा पांढरा पंजा उमटला होता.

अधिकाऱ्यानं आम्हाला पाणी दिलं. पाशाभाई भाभींना घेऊन चहाला गेले. आम्ही दोघं जिन्याच्या पायरीवर बसलो. कठड्याला न शिवता.

"मला वाटलं, तुमाला पुन्हा तसं झालं," मी म्हणाले. "डॉक्टरांनी शांतता सांगितली हाय. तुमी पुन्हा तिथंच जाऊन उभे राहता."

यांनी शर्टावरच्या पंजावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "घरात शांत झालं ना, की मला माझंच काळीज ऐकू येतं, विजे. एक ठोका पडला की दुसऱ्याची वाट बघत बसतो. पडंल का न्हाई, पडंल का न्हाई. झोपंत बी तेच. काल ते ड्रिल सुरू झालं अन् मला काय बी ऐकू येईना. कधी डोळा लागला, कळलं न्हाई."

"मग मला सांगितलं कावून न्हाई?"

"तू लई खुश होतीस. मी घरी हाय म्हणून."

मी इतके महिने घरात भांडीसुद्धा हळू ठेवत होते. दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं होतं. शेजारच्या पोरांना अंगणात खेळू दिलं नव्हतं. आणि त्या शांततेत हा माणूस एकटा बसून मोजत होता.

कंपनीनं आमच्यावर मेहरबानी केली. म्हणजे यांना तलावापासून लांब ठेवायचं ठरवलं असावं. जहाजाच्या पार दुसऱ्या टोकाला, बाल्कनी असलेली मोठी खोली दिली. अधिकारी स्वतः सोडायला आला. "इथं कसलाही आवाज येणार नाही," अभिमानानं म्हणाला.

खरंच येत नव्हता. दुसऱ्या दिवशी गोव्याहून जहाज परत फिरलं. जेवण करून हे आडवे झाले. मी मासिक चाळायचं नाटक करत बघत होते. डोळे उघडे. मग कूस बदलली. मग हात हळूच मनगटावर गेला, नाडीवर.

मी उठले. काही न सांगता स्वागतकक्षात गेले.

"आम्हाला जुनी खोली परत पाहिजे," मी म्हणाले.

तिथली मुलगी गोंधळली. "मॅडम, पण तिथं तर ड्रिलिंगचा त्रास..."

"तीच पाहिजे."

माझ्या मागं रांगेत खोली बदलून मागणारी माणसं होती. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी यात्रेत हरवलेल्या म्हातारीकडे बघतात. मुलीनं संगणकात पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला. "तुमच्यासाठी चांगली बातमी आहे! तिथलं काम आज सकाळीच पूर्ण झालं. आता सगळं शांत आहे."

मी परत आले आणि यांना सांगितलं. हे ताडकन उठून बसले.

"संपलं? मुदतीच्या आत?"

"हो."

"कोण हाय तो गुत्तेदार?" अर्जुनराव इतके हादरले, की मला त्यांच्या स्टेंटची काळजी वाटली.

मग मी खुर्च्या बाल्कनीत ओढल्या. यांना बसवलं आणि बोलायला सुरुवात केली. काय बोलावं हे ठरवलं नव्हतं. मनात साठलेलं पुष्कळ होतं. माझ्या माहेरच्या विहिरीचं सांगितलं. अंगद तापानं फणफणला होता आणि हे कळंबच्या साइटवर होते, त्या रात्री मला किती भीती वाटली, तेही सांगितलं. तुळजापूरच्या बाजारात माझी झालेली फजिती सांगितली. हे मध्येच "हं" म्हणायचे, एकदा म्हणाले, "हे मला म्हाईतच नव्हतं." खाली पाणी एकसारखं मागं पळत होतं. मला वाटलं, या माणसानं आज पहिल्यांदा मला सबंध ऐकलं. मी वळून पाहिलं.

झोपले होते! मान कलंडलेली, चेहरा लहान मुलासारखा निवांत.

मी गप्प बसले, तर लगेच चुळबुळले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा घोरायला लागले. शेवटी मुंबईचा किनारा दिसेपर्यंत मी बोलत राहिले.

आता धारूरला रोज दुपारी हाच कार्यक्रम असतो. अंबाजोगाईचे डॉक्टर यांच्या तब्येतीवर खूश आहेत. विचारत होते, झोपेची कोणती गोळी सुरू केली? मी म्हणाले, "घरगुतीच आहे." ते ड्रिल आणि माझा आवाज यात यांना नेमकं काय सारखं वाटतं, हे मात्र मी अजून विचारलेलं नाही. विचारणारही नाही!